कुणाच्या हाकेला उठायचं?

मागल्या महिन्यात एका अभ्यास शिबिरात बोलायला गेलो होतो. विषय : चळवळ आणि लेखन. पोरं बरी जमली होती. तासभर बोललो. टाळ्या पडल्या. मग चहा. चहाच्या वेळी एक पोरगा जवळ आला. हातात वही. म्हणाला, "सर, लिहायला बसलं की मन लागत नाही. दहा मिनिटं झाली की उठतो. मोबाईल बघतो. नाहीतर कुणीतरी हाक मारतं. परत येऊन बसलो की आपलंच वाक्य परकं वाटतं. तुम्ही तर लिहूनच जगता. तुम्ही कसं करता?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, "मोबाईल बंद कर. दार लाव. बस."

त्यानं वहीत लिहून घेतलं. तीन वाक्यं. खाली रेघ मारली.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि मला माझीच शरम वाटली. अकरा दिवस झाले होते, माझ्या स्वतःच्या पुस्तकाची एक ओळ झालेली नव्हती. मोबाईल माझा बंद नव्हता. आणि दार? त्या दाराची तर मला आठवणसुद्धा नको होती. मी त्या पोराला जे सांगितलं ते पुस्तकी होतं. ज्याच्या घराला दारं जास्त आणि माणसं कमी, त्याचं उत्तर होतं ते. ते मी माझ्या तोंडून सांगून आलो होतो.

म्हणून हे लिहितोय. त्या पोरासाठी. आणि त्याच्यासारखे तुम्ही जे कुणी आहात, त्यांच्यासाठी.

मी कोडोलीचा. कोल्हापूर जिल्हा, पन्हाळा तालुका. एका अंगाला पन्हाळा-जोतिबाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणा नदी, आणि शेजारी वारणानगरचा साखर कारखाना. गाव मोठं, बाजार मोठा. मिशनचा जुना दवाखाना आहे, शाळा-कॉलेजं आहेत. आमची वस्ती कडेला. दोन खोल्या, वर पत्रा. आतल्या खोलीत स्वयंपाक. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, बायकोचं शिलाई मशीन, पोरीचं दप्तर, माझं टेबल आणि येणारी-जाणारी सगळी वस्ती.

आधी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचो. नऊ वर्षं. शिकवाल त्या तासाचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि मिळायचे तेही वर्ष संपल्यावर. शेवटी सोडलं. म्हटलं, घाम गाळायचाच तर आपल्या अक्षरावर गाळू. तेव्हापासून लेख, अनुवाद, रेडिओसाठी श्रुतिका, क्लासवाल्यांची गाईडं, विशेषांकांची मुद्रितं, कुणाच्या भाषणाचा मसुदा, येईल ते करतो. शहरात याला फ्रीलान्स म्हणतात. वस्तीत याला 'घरीच असतोय' म्हणतात.

शेजारचे तात्या एकदा दारात येऊन बसले. बराच वेळ बघत राहिले.

"काय करतोयस रं?"

"लिहितोय, तात्या."

"ते दिसतंय. पर काम काय करतोस?"

"हेच काम. शब्दावर पैसे मिळतात."

"शब्दावर? मग जरा जास्ती बोलत जा की!"

हसलो आम्ही दोघंही. पण त्या हसण्यात एक गोष्ट होती. घरीच असतोय म्हणजे मोकळाच असतोय. लाईटबिल भरायचंय? त्याला सांगा. म्हातारीला दवाखान्यात न्यायचंय? तो आहे की. पोराच्या जातपडताळणीचे कागद, जयंतीचं पावतीपुस्तक, बॅनरवरचा मजकूर, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन. सगळ्या वाटा माझ्या टेबलापाशी येऊन थांबतात. वर गळीत हंगाम. दिवाळीच्या पुढंमागं कारखान्याचा भोंगा वाजला की चार-पाच महिने रस्ता झोपत नाही. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर आणि ड्रायव्हरच्या कानाशी डेक. रात्री दोन वाजता तो गाणं लावतो. डोळा लागू नये म्हणून लावतो, त्यालाही घर आहे. पण आमचा पत्रा थरथरतो आणि माझं वाक्य मधेच मोडतं.

आणि मोबाईल. आमच्या खोऱ्याचं नशीब बघा. १९९८ साली वारणेच्या परिसरातली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची योजना आली. मोठा गाजावाजा झाला होता. उसाचं वजन, बिल, खताचा हिशेब गावातल्या केंद्रात बसून कळणार! ज्याच्या नावावर ऊस होता त्याला ते कळलंही. आमच्या नावावर ऊस नव्हता. आम्ही दारातनं तो पडदा बघितला, बस्स. पुढं काही वर्षांत तेच काम मोबाईलच्या मेसेजवर आलं, आणि मोबाईल मात्र आमच्याही खिशात आला. वजन कळायचं यंत्र त्यांच्याकडं आणि वेळ खायचं यंत्र आमच्याकडं. जमीन वाटताना आमची आठवण कुणाला झाली नाही, रील वाटताना बरोबर झाली.

पण मोबाईलला शिव्या घालून मी सुटणार नाही. खरी गोष्ट त्याच्याही मागं आहे.

माझा आजा सांगायचा. त्याचा बाप वतनी महार. चावडीवरनं हाक आली की ताटावरनं उठायचं. "भाकरी निम्मी ऱ्हायली तर ऱ्हायली, कुत्र्यानं खाल्ली तर खाल्ली." सांगावा घेऊन रातोरात दुसऱ्या गावाला जायचं. मयताची खबर पोचवायची. साहेबाचं ओझं, सरकारी टपाल, पाटलाच्या घरचं सरपण, मेलेलं जनावर. वेळ-काळ नाही. ऊन-पाऊस नाही. घरात पोर तापानं फणफणलंय, हे कारण नाही. तो नसला तर त्याचा भाऊ, भाऊ नसला तर बायको. एका घराची हाक सगळ्या घरावर. त्याच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकरी.

आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा केली. तिकडं मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतनाच्या कायद्याविरुद्ध बिल आणलं. तिथली वतनं कायद्यानं पुरती जायला १९५८ उजाडलं. म्हणजे कागदावर आमची सुटका सगळ्यात आधी झाली. पण आजा म्हणायचा, "कागूद आला, पर हाक काय ऱ्हायली न्हाई." कायदा झाल्यावरही वर्षानुवर्षं हाक यायची आणि आमची माणसं उठायची. उठायची, कारण पायांना तेच ठाऊक होतं.

दोस्तांनो, एकाग्रतेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते सांगतात, मन माकडासारखं असतं, त्याला आवर घाला. असेल. पण माझं मन माकड नाही. माझं मन येसकर आहे. त्याला पिढ्यान् पिढ्या शिकवलंय की कुणीही, कधीही हाक मारली तर हातातलं टाकून उठायचं आणि 'जी' म्हणायचं. फोन टुंग वाजतो आणि माझा हात माझ्या नकळत तिकडं जातो, तेव्हा मला आज्याच्या बापाची घुंगुरकाठी ऐकू येते.

ज्यांच्या घरात सात पिढ्या पोथी होती, त्यांच्या घरात बसणंही होतं. बाप बसलेला, आजा बसलेला. पोर बसलं तर कुणी विचारत नव्हतं, का बसलास? आमच्या घरात बसलेला माणूस म्हणजे आजारी माणूस, नाहीतर काम न मिळालेला माणूस. तीन तास एका जागी बसून एकाच गोष्टीचा विचार करणारा माझ्या घराण्यातला पहिला माणूस मी. म्हणून हे जमत नाही तेव्हा स्वतःला आळशी म्हणू नका. आपण नवीन आहोत या कामात. पाय अजून चावडीच्या वाटेला लागलेले आहेत.

आता बाबासाहेब. त्यांच्या अभ्यासाच्या गोष्टी आपण जयंतीला सांगतो, पण चमत्कार सांगावा तशा सांगतो. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच चूल, त्यातच जळण, त्यातच माणसं. पोरानं लवकर झोपायचं, बाप रामजी सुभेदार जागा राहणार. रात्री दोनला बाप पोराला उठवणार, आणि पोराच्या जागेवर आपण आडवं होणार. जागा एकच होती, म्हणून वेळ वाटून घेतली. यात दैवी काय आहे? बापानं आपली झोप मोडून पोराला शांतता विकत घेऊन दिली.

पुढं १९२७ साल. महाडचा सत्याग्रह. एप्रिलात 'बहिष्कृत भारत' सुरू. कोर्टात वकिली, शिवाय पोटासाठी एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं, शिवाय कौन्सिलची सभासदकी. आणि दारात गावोगावची गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं. या सगळ्यात अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं लिहून काढण्याची पाळी त्यांच्यावर यायची. त्यांना कुठं निवांत खोली होती? हाका त्यांनाही होत्या. आपल्यापेक्षा हजार पट होत्या.

आणि आमच्या खोऱ्यातला आमचा माणूस — अण्णा भाऊ. नदी ओलांडली की वाळवा तालुका, तिथलं वाटेगाव. दीड दिवसाची शाळा. बापाबरोबर पायी मुंबईला. गिरणी, मोलमजुरी, मग शाहिरी. आणि मग घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत बसून तीसच्या वर कादंबऱ्या. 'फकिरा' १९५९ ची. ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. चिरागनगरला शांतता होती का हो? एका भिंतीला दोन झोपड्या, नळावरची भांडणं, दारूच्या रात्री. तिथं बसून हा माणूस वारणेचं खोरं बघत होता. लिहून जगणारा तो आमचा खरा पूर्वज. १९६९ च्या जुलैत तो गेला तेव्हा त्याच्याकडं पैसा नव्हता, हेही विसरू नका. लिहून जगायचं ठरवाल तर हा हिशेब आधी मांडा.

ही नावं मी पाठ म्हणून दाखवतोय असं वाटेल. शिबिरात मी तेच केलं होतं. आता माझं स्वतःचं सांगतो.

२०१९ साल. मला एक मोठं काम मिळालं होतं. सहकारातल्या एका बड्या माणसाची एकसष्टी होती आणि त्याचा गौरवग्रंथ निघायचा होता. नाव सांगत नाही, असे पुष्कळ आहेत. ऐंशी हजार रुपये, निम्मे आधी. एवढी रक्कम एकरकमी मी आयुष्यात पाहिली नव्हती. पोरीची फी भरायची होती, पत्रा बदलायचा होता. घेतलं. नावं बड्या-बड्यांची येणार होती, लेख मी लिहायचे होते. एकच माणूस, पंचवीस तोंडांनी त्याची स्तुती. माझं पुस्तक, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ऐकलेलं वेठबिगारीचं पुस्तक, ते बासनात बांधून माळ्यावर टाकलं. म्हटलं, दोन महिने.

आणि मजा अशी, की त्या दोन महिन्यांत माझी एकाग्रता फक्कड होती. फोन बंद. दार बंद. बायकोला सांगून ठेवलं, "कुणी आलं तर नाही म्हण." रोज दीड हजार शब्द. आयुष्यात पहिल्यांदा मी खऱ्या लेखकासारखा बसलो होतो.

ऑगस्ट आला. त्या ऑगस्टात काय झालं ते कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. वारणा, पंचगंगा, कृष्णा, सगळ्यांनी पात्रं सोडली. वरून पाऊस थांबेना. आमच्या वस्तीत नदी आली नाही, पण पावसानं मातीच्या भिंती फुगल्या आणि बसल्या. आमची एक आत्ती आहे, एकटीच राहते. नात्यानं लांबची, पण मला तिनं खेळवलंय. तिची मागची भिंत रात्रीत आडवी झाली. पंचनामे झाले, याद्या लागल्या. यादीत आत्तीचं नाव नाही. हरकतीचा अर्ज द्यायचा तर चार दिवसांची मुदत.

पहिल्या दिवशी आत्ती आली. बायको म्हणाली, "नाहीत घरात." मी आतून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आली. मी एका मंत्र्याच्या नावानं लेख लिहीत होतो. 'गोरगरिबांचा आधारवड' असं त्याचं शीर्षक होतं. शब्द चांगले येत होते. उठलो असतो तर तंद्री मोडली असती.

तिसऱ्या दिवशी आत्ती दाराबाहेर उंबऱ्यावर बसून राहिली. पाऊस होता. बायकोनं तिला चहा दिला. तासाभरानं उठून गेली.

चौथ्या दिवशी माझा लेख पुरा झाला. पाचव्या दिवशी मी दार उघडलं.

अर्ज लिहून दिला. पळत घेऊन गेलो. तारीख गेली होती. पुढं दोन वर्षं त्या भिंतीच्या जागी निळी ताडपत्री होती. मग वस्तीनंच वर्गणी काढून विटा आणल्या.

मी आत्तीकडं गेलो तेव्हा मला शिव्या हव्या होत्या. तिनं दिल्या नाहीत. म्हणाली, "तू लिवत हुतास म्हनं. लिव बाबा. आमच्यात कोन लिवतंय?"

'आमच्यात कोन लिवतंय.' मी कुणाची बाजू लिहीत होतो, ते तिला माहीत नव्हतं.

त्या रात्री बायकोपुढं मी रडगाणं लावलं. म्हटलं, माणसानं लिहायचं कसं? दार लावलं तर पाप, उघडलं तर काम बुडतं. ती मशीनवर ब्लाउजची शिलाई घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला दार लावायला तरी मिळतं. मी कुठलं दार लावू? दार मीच हाय तुमचं."

मशीन परत सुरू झालं. मी गप्प बसलो.

माझ्या दोन महिन्यांच्या एकाग्रतेची मजुरी कोण भरत होतं, ते मला तेव्हा दिसलं. दारातल्या माणसाला खोटं सांगायचं काम तिचं. पोरीला गप्प ठेवायचं काम तिचं. पाणी आलं की पळायचं काम तिचं. तिच्या हाका दिवसाला शंभर, आणि तिला कधी कुणी विचारलं नाही की तुझं मन लागतं का. मी ज्या बड्या माणसाचा येसकर झालो होतो, त्याच्या येसकराची ती येसकर झाली होती. एका घराची हाक सगळ्या घरावर!

तेव्हा मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. त्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं १९८६ साली आलं. त्या लिहायच्या कुठं? घरच्या छोट्याशा किराणा दुकानात. पुड्या बांधायला जी रद्दी यायची ती आधी वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या. आणि लिहिलेलं लपवायच्या, घरातल्या माणसांपासून, एकदोन नाही तर वीस वर्षं. पुरुष लेखकाला दारावर थाप पडली तर तो म्हणतो, व्यत्यय आला. त्या बाईला तर कुणी बघितलं तर काय, ही धास्ती होती. तरी त्यांनी लिहिलं. गिऱ्हाईक आलं की गूळ तोलायचा, गेलं की वाक्याकडं परत यायचं. मन लागणं म्हणतात ते हे. उठावं लागलं तरी परत त्याच जागी येऊन बसता येणं.

त्यानंतर मी माझी घडी बदलली. एकदम नाही. घसरत, धडपडत. जे टिकलं ते सांगतो, त्यातलं तुमच्या घरात बसेल ते घ्या.

पहाटे चार ते सात माझं. ही वेळ मी कुणाकडून हिसकावत नाही, फक्त माझ्या झोपेतून घेतो. रात्री नऊला आडवा होतो. लोक हसतात, हसू देत. त्या तीन तासांत फक्त माझं पुस्तक. पैशाचं काम नाही, अर्ज नाही, वर्तमानपत्र नाही. मोबाईल रात्रीच तांदळाच्या डब्यात जातो. हा डबा आतल्या खोलीत, फळीवर, भांड्यांच्या मागं. काढायचा तर भांडी वाजणार, बायको-पोरीची झोप मोडणार. तेवढी लाज मला पुरते.

वहीचं शेवटचं पान हाकांचं. लिहिताना डोक्यात येतं, अमक्याला फोन करायचा होता, तमक्याचं बिल यायचंय. उठायचं नाही. शेवटच्या पानावर एक ओळ लिहायची आणि परत यायचं. सात वाजता ते पान बघतो. दहातल्या सात हाका तोवर मेलेल्या असतात.

सकाळी सात ते नऊ टेबल माझं नाही. पोरीचं आणि तिच्या आईचं. बायकोनं मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. त्या दोन तासांत दारावर मी असतो. कुणी आलं, पाणी आलं, दूधवाला आला, उठायचं मी. पहिल्या आठवड्यात मी सतरा वेळा उठलो. मोजले. तेव्हा कळलं, दार असणं म्हणजे काय.

दिवसा पैशाचं काम. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारतो : हे छापून आलं आणि खाली माझं नाव पडलं, तर वस्तीत वाचून दाखवता येईल का? येत नसेल तर नको. अगदीच नड असली तर घेतोही, खोटं कशाला बोलू? पण मग त्याला आठवड्यातले दोनच दिवस, आणि दार उघडं ठेवून. असल्या कामाला एकाग्रता द्यायची नाही. ती उसनवारीला देण्यासारखी चीज नाही.

आणि अर्ज. संध्याकाळी सात ते नऊ मी विहारात बसतो. सतरंजी, एक बाक, कागद, कार्बन. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, त्यामुळं दिवसा थाप कमी झाली. मुदतीचं काम असेल तर मात्र कधीही हाक मारायची, पहाटे चारलासुद्धा. हे मी दारावर खडूनं लिहून ठेवलंय. सुरुवातीला मी एकटाच लिहायचो. मग लक्षात आलं, हे चूक आहे. एकट्या माणसाच्या हातात लेखणी राहिली की तो बडा होतो, नाहीतर मरतो. दहावी-बारावीच्या पाच पोरापोरींना शेजारी बसवलं. अर्जावर तारीख कशी घालायची, मागणी पहिल्या चार ओळींत कशी यायला पाहिजे, दोन प्रती का काढायच्या, पोच घेतल्याशिवाय टेबलापासून का हलायचं नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकला तर तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, हे त्यांनी करून बघितलं. पहिलं उत्तर आलं तेव्हा पोरगी तो लखोटा घेऊन सगळ्या वस्तीभर फिरली. आता मी आठवड्यातनं तीनच दिवस जातो. बाकीचे दिवस तेच चालवतात. आणि माझ्यापेक्षा नेटकं लिहितात.

एक कडू गोष्ट तुम्हाला, कार्यकर्त्यांना. चळवळीच्या नावानं येणारी प्रत्येक हाक चळवळीची नसते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर, दोन गटांची व्हॉट्सॲपवरची तू-तू मी-मी, बैठक कधी घ्यायची हे ठरवायची बैठक. मी यात वर्षं घालवलीत. रात्री बारापर्यंत बोटं झिजवून आपल्याच माणसाला उत्तरं दिलीत आणि सकाळी वाटलं, केवढं काम केलं! एक पान वाचलेलं नव्हतं. निळ्या रंगातनं आली म्हणून हाकेचा चावडीपणा जात नाही. तपासा. हाक मारणाऱ्याला तुमचं काम पाहिजे की तुमचं नुसतं उठणं पाहिजे? पाटलाला पुष्कळदा काम नसायचंच. महार उठतो की नाही, एवढंच त्याला बघायचं असायचं.

अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती आपण वंदनेनंतर ऐकतो. बाबासाहेबांनी तिचा अर्थ मनाचं सतत जागं असणं असा लावलाय. पूर्वी मला वाटायचं, जागं असणं म्हणजे कामात बुडणं, आजूबाजूचं भान हरपणं. त्या ऑगस्टात मी पूर्ण बुडालो होतो आणि दाराबाहेर माझी आत्ती भिजत होती. बुडालेला माणूस जागा नसतो. जाग्या माणसाला दोन्ही कळतं, टेबलावरचं वाक्यही आणि उंबऱ्यावरचं माणूसही. मग तो ठरवतो.

मी सगळं जिंकलोय असं समजू नका. शिबिरातनं आलो तेव्हा अकरा दिवस कोरे गेले होतेच. हंगामात अजून पत्रा थरथरतो. डबा दोनदा पहाटे काढलाय, भांडी वाजली, बोलणी खाल्ली. वेठबिगारीचं पुस्तक माळ्यावरनं खाली आलंय. एकशे चाळीस पानं झालीत. त्यातलं सहावं प्रकरण आत्तीनं सांगितलेलं आहे. तिला वाचून दाखवलं. मधेच थांबवून म्हणाली, "हितं चुकलास. मी पळाले न्हवते. मी चालत गेल्ते." दुरुस्त केलं.

हा लेखही नऊ पहाटांत झाला. सहाव्या पहाटे पावणेपाचला दारावर थाप पडली. शेजारच्या तात्यांच्या छातीत कळ आली होती. वाक्य अर्धं सोडून उठलो. गाडी बघितली, दवाखान्यात पोचवलं, कागद भरले. तात्या आता बरे आहेत. सातव्या पहाटे येऊन बसलो तर ते अर्धं वाक्य तिथंच होतं. कुठं जातंय ते?

तर गड्या, निळी वही घेऊन आलेल्या पोरा, तुला सांगितलेली ती तीन वाक्यं खोड. त्यांच्या जागी आठ दिवस एवढंच कर. शेवटच्या पानावर लिही : आज कुणी-कुणी हाक मारली, मी कुणासाठी उठलो, आणि माझ्यासाठी घरातलं कोण उठलं. ते तिसरं लिहायला विसरू नकोस. आठ दिवसांनी ते पान मला पाठव, नाहीतर कोडोलीला ये. संध्याकाळी सातनंतर मी विहारात असतो.

पहाटे मात्र येऊ नकोस. मुदतीचं काम असलं तर ये.

जय भीम.